पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर-मॅडमना एक खुलं पत्र

सर, मॅडम, आणि परीक्षा विभागात बसून आमचं वेळापत्रक ठरवणारे सगळेच,

नमस्कार. मी शेवटच्या वर्षाला आहे. कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे पत्र एका कॉलेजबद्दलची तक्रार नाही. पेपर काढणं, तपासणं, कशाला किती मार्क ते ठरवणं हे ज्यांच्या ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्यांसाठी आहे. थोडं लांब होईल पण प्लीज पूर्ण वाचा.

परीक्षा जवळ आली की आमच्यासाठी एक स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं जातं. खोल श्वास घ्या, झोप पूर्ण करा, पॉझिटिव्ह राहा, मोबाईल लांब ठेवा. यातलं काहीच चूक नाहीये, श्वासाचा व्यायाम खरंच उपयोगी पडतो, मी स्वतः करते. पण त्या सेशनमध्ये एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की टेन्शन आमच्या डोक्यात तयार होतं आणि म्हणून दुरुस्ती पण आमच्याच डोक्यात करायची. परीक्षा कशी घेतली जाते, मार्क कसे दिले जातात, निकाल कसा सांगितला जातो यावर त्या अख्ख्या तासात एक शब्द निघत नाही. मला तेच बोलायचंय. आमच्या भीतीतला बराच मोठा भाग परीक्षा ज्या पद्धतीने बांधलीये त्यातून येतो, आणि ती बांधणी तुमच्या हातात आहे, आमच्या नाही.

आधी एक गोष्ट, कारण ती ऐकून ऐकून आम्ही थकलोय. "अभ्यास केला असता तर भीती वाटली नसती." काही जणांच्या बाबतीत हे खरं असेलही, नाही म्हणत नाही. पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी अर्धा वर्ग तिच्याकडून टॉपिक समजून घेतो, ती कागद-पेन न घेता अख्खं डेरिव्हेशन बोलून दाखवते, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आत गेली की तिला पहिल्या प्रश्नाला स्वतःच्या प्रोजेक्टचं नाव पण नीट सांगता येत नाही. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत सगळी उत्तरं आठवतात. समोरच्या परीक्षकांना दिसतं ते एवढंच, की मुलीला काही येत नाही. आता या मुलीला कुठला अभ्यास कमी पडला ते मला कोणीतरी सांगा.

हे काही आमचं नवीन पिढीचं फॅड नाहीये. जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1952 सालीच परीक्षेच्या भीतीवर पेपर लिहिला आणि ती मोजायला प्रश्नावली तयार केली. पुढे 1967 मध्ये लिबर्ट आणि मॉरिस यांनी या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक म्हणजे शरीराचं, हात घामेजणं, छाती धडधडणं, पोटात गोळा येणं. दुसरा म्हणजे डोक्यातली काळजी, आता काय होणार, मी नापास झाले तर, बाकीचे सप्लिमेंट घेतायत आणि माझं पहिलंच पान चाललंय. आणि मार्कांवर जास्त परिणाम या दुसऱ्या भागाचा होतो, धडधडीचा तेवढा नाही. कारण पण समजण्यासारखं आहे. गणित सोडवताना किंवा उत्तराची मांडणी करताना आपण काही गोष्टी त्या क्षणापुरत्या डोक्यात धरून ठेवतो, त्याला वर्किंग मेमरी म्हणतात, आणि ती फार छोटी असते. काळजी तिच्यातलीच जागा खाते. म्हणजे ज्या जागेत दुसरी स्टेप मांडायची तिथे "आता माझं काय होणार" बसलेलं असतं. आम्ही ब्लँक झालो म्हणतो तेव्हा हे झालेलं असतं, बहाणा नसतो तो.

मग म्हणतात की थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत, आणि पुस्तकात तो उलट्या यू आकाराचा ग्राफ पण दाखवतात, की टेन्शन थोडं वाढलं तर काम सुधारतं आणि फार वाढलं की बिघडतं. त्या ग्राफचं मूळ म्हणजे यर्क्स आणि डॉडसन यांचा 1908 चा प्रयोग. तो उंदरांवरचा होता, काळ्या-पांढऱ्या पेट्यांमधली बरोबर पेटी ओळखायची आणि चुकलं की विजेचा झटका. त्यात त्यांना जे दिसलं त्यातला निम्माच भाग आम्हाला ऐकवला जातो. काम सोपं असेल तर जोरदार झटक्याने पण उंदीर लवकर शिकले, पण पेट्यांमधला फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा झटका सौम्य असतानाच ते जास्त लवकर शिकले. म्हणजे काम जितकं अवघड तितका दबाव कमी हवा. आणि डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचा पेपर सोपं काम असतं असं तुम्ही पण म्हणणार नाही. तरी जो पेपर सगळ्यात अवघड त्याच्याच आधी वर्गात सांगितलं जातं की या विषयात दरवर्षी निम्मी मुलं उडतात, बघा बाबा. हे प्रेरणा म्हणून सांगितलं जातं हे मला माहितीये, वाईट हेतू नसतो. डेव्हिड पुटवेन नावाच्या संशोधकाने शिक्षकांच्या अशाच वाक्यांवर बराच अभ्यास केलाय, आणि विद्यार्थ्याला ते वाक्य धमकीसारखं वाटलं की भीती वाढते असं त्यात दिसतं. मागच्या बाकावर बसून मी पण तेच बघते, ज्याला अभ्यास करायचाच नाही तो हसतो आणि जी आधीच रात्र रात्र जागतेय ती अजून जागते. आणि जागून काय होतं ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय, की दिवसभरात वाचलेलं मेंदूत पक्कं बसायला झोप लागते.

आता मुख्य मुद्दा. आम्ही नक्की घाबरतो कशाला? विषय अवघड असण्याला नाही घाबरत, खरंच सांगते, अवघड विषयाशी झगडण्यात मजा पण येते. आम्ही घाबरतो ते समोर अंधार असतो म्हणून. पाच मार्काच्या उत्तरात किती लिहायचं ते माहीत नाही, डायग्राम नसेल तर किती कापणार माहीत नाही, स्वतःच्या शब्दात लिहिलं तर चालेल की नोट्समधलीच व्याख्या हवी ते माहीत नाही, पेपर कोण तपासणार आणि त्यांना काय आवडतं ते माहीत नाही. मग आम्ही सीनियर्सना विचारतो, आणि तिथे कोणी म्हणतं पानं भरा, कोणी म्हणतं अंडरलाइन करा, कोणी म्हणतं त्या मॅडमना मुद्देसूद लागतं. अशा ऐकीव गोष्टींवर आम्ही आमची वर्षं लावतोय आणि मग आम्हालाच विचारलं जातं की एवढं टेन्शन कशाचं घेता.

आणि ही भीती नुसती मनाचे खेळ नाहीयेत. 1912 साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच त्या दोन उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी एका उत्तरपत्रिकेला 64 पासून 98 पर्यंत मार्क पडले आणि दुसरीला 50 पासून 97 पर्यंत. उत्तरपत्रिका तीच, अक्षर न् अक्षर तेच. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, होणारच. तर पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका तपासायला दिली आणि तिथे फरक अजून जास्त निघाला, कारण कोणी नीटनेटकेपणाला मार्क दिले, कोणी फक्त उत्तराला, कोणी स्टेप्सना. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली या गोष्टीला. यात शिक्षक वाईट होते असं कोणी म्हणत नाहीये, प्रत्येकाने प्रामाणिकपणेच तपासलं असणार. पण कशाला किती हे आधी ठरलेलं नसेल तर प्रामाणिक माणूस पण वेगवेगळे मार्क देतो, आणि तो फरक कोणाच्या तरी वर्षात जाऊन बसतो.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी ही आहे की तुमच्याकडे जी मार्किंग स्कीम असते ना, ती आम्हाला आधी दाखवा. प्रश्न नका दाखवू, आम्ही प्रश्न मागतच नाहीये. कशाला मार्क मिळतात ते दाखवा. पद्धत बरोबर आणि आकडेमोड चुकली तर किती, उदाहरण दिलं तर किती, मुद्दा बरोबर पण भाषा कच्ची असेल तर किती. आणि तपासून झाल्यावर उत्तरपत्रिका परत बघायला द्या, फोटोकॉपीसाठी अर्ज, त्याची फी, मग रीचेकिंगसाठी वेगळा अर्ज असा फेरा न लावता. आत्ता होतं काय, की निकालाच्या दिवशी स्क्रीनवर एक आकडा येतो आणि तो आकडा का आला ते आम्हाला कधीच कळत नाही, आणि जे का झालं ते कळलं नाही त्याची भीती पुढच्या सेमिस्टरला अजून मोठी होऊन येते.

आकड्याबद्दल अजून एक. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात काही मुलांना कामावर फक्त मार्क दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा त्या कामातला रस पण टिकला. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना शेऱ्याचा फायदाच झाला नाही. ती शाळेतली मुलं होती, कॉलेजची नाही, हे मान्य. पण कुठल्याही वर्गात असाइनमेंट परत मिळाल्यावर काय होतं ते बघा ना, सगळे आधी मार्क बघतात, मग शेजारच्याचे मार्क बघतात आणि कागद बॅगेत जातो. शेरा आधी द्या, दोन-तीन दिवसांनी मार्क सांगा, एवढं केलं तरी लोक वाचतील. आणि शेरा म्हणजे "इम्प्रूव्ह" एवढं लिहून थांबू नका हो, काय इम्प्रूव्ह करायचं ते एका ओळीत तरी लिहा.

आता तुम्हाला वाटेल की हिला परीक्षाच नकोत. तसं अजिबात नाहीये. उलट मला जास्त वेळा परीक्षा हव्यात, फक्त वेगळ्या. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं की एखादा उतारा परत परत वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून तो आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने चित्र उलटं होतं. म्हणजे टेस्ट ही शिकायची फार चांगली पद्धत आहे. आणि आपण तिचं काय करून ठेवलंय, तर सेमिस्टरच्या शेवटी तीन तासांत सगळं एकदाच ओतायचं आणि त्या तीन तासांत ताप आला, घरात कोणी गेलं, किंवा नुसतीच रात्रभर झोप लागली नाही तर सहा महिन्यांचं काम गेलं. एकाच पेपरला सत्तर-ऐंशी टक्के वजन दिलं की तो पेपर कितीही सोपा काढा, भीती वाटणारच.

पण इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण सुधारणा म्हणून जे आणलं गेलं त्यानेच आमचे हाल वाढलेत. कंटिन्युअस असेसमेंट. कल्पना सुंदर आहे, वर्षभर थोडं थोडं तपासायचं म्हणजे शेवटी ओझं नाही. प्रत्यक्षात झालं असं की आधी वर्षातून दोनदा टेन्शन यायचं ते आता दर आठवड्याला येतं, कारण प्रत्येक क्विझचे मार्क धरले जातात, प्रत्येक सबमिशन इंटर्नलला जोडलेलं असतं, अटेंडन्स पण धरतात, प्रेझेंटेशन पण, आणि प्रत्येक विषयाच्या सरांना आपापला विषय माहीत असतो, दुसऱ्याने त्याच गुरुवारी काय ठेवलंय ते माहीत नसतं. मग एका आठवड्यात पाच सबमिशन्स, दोन टेस्ट, एक व्हायवा, आणि पुढचा अख्खा आठवडा रिकामा. अशा आठवड्यात कोणी काही शिकत नाही, एकमेकांच्या फाईली बघून उतरवतात आणि वेळेत जमा करतात, आणि तुमच्या टेबलावर एकसारख्या साठ फाईली येतात. ते तुम्हाला पण दिसतं आणि आम्हाला पण. वारंवार तपासायचं तर त्यातलं बरचसं मार्कांशिवाय असायला हवं. दहापैकी सगळ्यात वाईट दोन क्विझ सोडून द्या, बाकीच्या धरा. एखादी टेस्ट परत द्यायची मुभा ठेवा. आणि टर्म सुरू व्हायच्या आधी सगळे विषय शिक्षक एका टेबलाशी बसून एक कॅलेंडर बनवा, आणि ते पाळा. मानसशास्त्राचं पुस्तक उघडायची पण गरज नाही याला.

रिलेटिव्ह ग्रेडिंगबद्दल थोडक्यात. वर्गातल्या ठराविक टक्क्यांनाच वरची ग्रेड मिळणार असेल तर माझ्या मैत्रिणीला समजलेली गोष्ट माझं नुकसान होते, आणि मग नोट्स लपवणं सुरू होतं, ग्रुपवर प्रश्न विचारला तर कोणी उत्तर देत नाही. तुमचा विषय किती आला ते सांगायला ग्रेड आहे, रांगेत कोण पुढे ते सांगायला नाही. आणि हे बदलता येतं, मोठमोठ्या ठिकाणी बदललंय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पहिल्या सेमिस्टरला ग्रेड देत नाहीत, पास झाला तर पास, नाही झाला तर रेकॉर्डवर काहीच येत नाही. अमेरिकेत डॉक्टर व्हायला जी लायसन्सची परीक्षा असते तिची पहिली स्टेप जानेवारी 2022 पासून फक्त पास-फेल झाली, आकडा देणं बंद. डॉक्टर व्हायच्या परीक्षेला हे चालू शकतं तर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयाला का नाही चालणार?

परीक्षेच्या खोलीबद्दल पण सांगते, छोट्या गोष्टी आहेत पण त्या खोलीत त्या मोठ्या होतात. सुपरवायझर मागे उभं राहून उत्तर वाचायला लागले की हात थांबतो. दर दहा मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगितली की वाक्य तुटतं, भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं घड्याळ लावलं तर त्याची गरजच नाही. शेवटच्या क्षणी बसायची खोली बदलू नका. व्हायवाला पहिला प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर प्रत्येकाला येईल, तोंड एकदा उघडलं की पुढचं जमतं. आणि वर्गात सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवणं कृपा करून थांबवा, जास्त मिळालेल्याला पण ते नको असतं.

सिअन बेलॉक आणि हेरार्डो रामिरेझ यांचा 2011 मधला एक प्रयोग आहे, सायन्स या नियतकालिकात आलेला. ज्यांना परीक्षेची खूप भीती वाटते त्यांना पेपरच्या अगदी आधी दहा मिनिटं आपल्याला काय काय वाटतंय ते कागदावर लिहायला सांगितलं, आणि त्यांचे मार्क सुधारले. खर्च काय, तर एक कोरा कागद. आम्हाला ती दहा मिनिटं मिळतात का? आम्ही ती रांगेत उभं राहून हॉल तिकीट दाखवण्यात, पाऊच तपासून घेण्यात आणि "बॅगा बाहेर ठेवा" ऐकण्यात घालवतो. दहा मिनिटं आधी आत बसू द्या, शांत बसू द्या, बस.

आणि ज्यांची भीती एवढ्याने जात नाही त्यांच्यासाठी खरा समुपदेशक हवा, वर्षातून एकदा सेशन घेऊन जाणारा नाही, कॉलेजात बसणारा, ज्याच्याकडे गेलेलं कोणाला कळणार नाही असा. ही भीती कमी करता येते हे माहीत असलेली गोष्ट आहे, रे हेम्ब्री यांनी 1988 मध्ये 562 अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा उपचारांनी भीती कमी होते आणि त्याबरोबर कामगिरी पण सुधारते असं दिसलं. कोणी जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागलं तर ते नाटक समजू नका, त्याच क्षणी त्याला एकटं न सोडता मदतीपर्यंत पोचवा, पेपर नंतर बघता येईल. जादा वेळ, वेगळी खोली अशा सवलती ज्यांना लागतात त्यांना त्या मागताना चार टेबलांवर आपला आजार सिद्ध करत फिरावं लागू नये.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. शेकडो उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, चार दिवसांची मुदत, त्यात तासिका, त्यात वरून येणारे रिपोर्ट. प्रत्येक असाइनमेंटवर ओळभर शेरा लिहा असं मी सहज म्हणून गेले पण शंभर-दीडशे मुलांच्या वर्गाला ते जमत नाही हे मला कळतं. म्हणून हे पत्र परीक्षा विभागाला आणि प्राचार्यांना पण लिहिलंय. एका शिक्षकाकडे किती पेपर जाणार याला मर्यादा घाला, तपासायला पुरेसे दिवस द्या. थकलेल्या माणसाने रात्री बाराला तपासलेल्या उत्तरपत्रिकेत आणि सकाळी तपासलेल्या उत्तरपत्रिकेत फरक पडत असेल तर त्याचा दोष त्या माणसाला देणं मला पटत नाही.

सगळं एकदम होणार नाही, म्हणून सुरुवात कशाने करता येईल तेवढं सांगते. पुढची टर्म सुरू झाली की प्रत्येक विषयाचा पहिल्या आठवड्यातला एक तास फक्त यासाठी द्या. मागच्या वर्षीच्या तीन उत्तरपत्रिका, एक चांगली, एक बरी, एक कच्ची, पडद्यावर लावा आणि कुठे मार्क दिले, कुठे कापले, का कापले ते बोला. आम्हाला प्रश्न विचारू द्या, वाद पण घालू द्या. ज्यांच्या उत्तरपत्रिका आहेत त्या मुलांची परवानगी घेणं, नावं आणि नंबर झाकणं, स्कॅन करणं हे सगळं काम आम्ही करतो, आमच्यातले बरेच जण त्याला तयार आहेत, मी विचारलंय. तुमच्याकडून फक्त तो एक तास हवाय, आणि कुठल्या दिवशी देताय ते कळवलंत की आम्ही लगेच कामाला लागतो.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी